पावसात आणि खडपावर कोणता कॅमेरा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पावसाळी छायाचित्रणाविषयी आलेला लेख वाचला. त्यात व्यावसायिक मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा आणि पाण्यात नेता येणारा खिशातला कॉम्पॅक्ट कॅमेरा यांची तुलना केली आहे. दुसरा कॅमेरा हौशी पर्यटकांसाठी ठीक आहे, निसर्गाची नोंद गांभीर्याने करू पाहणाऱ्याने मात्र पहिल्यासाठीच पैसे साठवावेत, असा लेखकाचा निष्कर्ष आहे. लेखातील तांत्रिक माहिती बहुतांशी बिनचूक आहे. निष्कर्ष मला मान्य नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवताना आणि विद्यार्थ्यांना घेऊन आंबोलीच्या सड्यांवर (कातळपठारांवर) व वेंगुर्ल्याच्या खडपांवर (किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्यांवर) हिंडताना दोन्ही प्रकारचे कॅमेरे जवळून हाताळले आहेत, म्हणून हा निष्कर्ष का चुकतो ते सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते.

तुलना हवेत राहू नये यासाठी दोन निश्चित कॅमेरे समोर ठेवते. एक निकॉनचा झेड ८, जो मे २०२३ मध्ये जाहीर झाला. आणि दुसरा ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७, जो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. ऑलिंपसचा कॅमेरा व्यवसाय जानेवारी २०२१ पासून स्वतंत्र कंपनीकडे गेला आणि ओएम सिस्टिम हे नाव त्यानंतरचे. त्यामुळे ज्यांच्याकडे २०१९ चा ऑलिंपस टीजी-६ आहे त्यांना पुढील जवळजवळ सर्व विवेचन तसेच लागू पडेल. झेड ८ मध्ये ३६ बाय २४ मिलिमीटरचा, ४५.७ मेगापिक्सेलचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) आहे आणि बॅटरी व कार्डासह नुसत्या बॉडीचे वजन ९१० ग्रॅम भरते. टीजी-७ चा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान आहे. मेगापिक्सेल १२, आणि लेन्स, बॅटरी, कार्ड सगळे धरून वजन २४९ ग्रॅम. २०२३ मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या मूळ किमती पाहिल्या तर पहिल्याच्या नुसत्या बॉडीला सुमारे ४,००० डॉलर आणि दुसऱ्या संपूर्ण कॅमेऱ्याला ५५० डॉलर पडत होते.

मोठ्या सेन्सरचे श्रेष्ठत्व नाकारण्याचा माझा अजिबात हेतू नाही. दोन्ही सेन्सरांच्या क्षेत्रफळात सुमारे तीस पटींचा फरक आहे. एफ-क्रमांक (लेन्सचे छिद्र किती उघडे ते सांगणारा अंक; अंक लहान तेवढे छिद्र मोठे) आणि शटरची गती सारखी ठेवली तर मोठा सेन्सर तीस पट प्रकाश गोळा करतो. छायाचित्रकारांच्या भाषेत सांगायचे तर हा जवळजवळ पाच स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट), आणि छोट्या कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २०० ला जेवढी रवाळी दिसते तेवढी मोठ्यात ढोबळमानाने ६४०० च्या आसपास दिसावी. ज्यांनी जून-जुलैत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे जंगल पाहिले आहे त्यांना भर दुपारीही तिथे किती अंधार असतो हे ठाऊक आहे. त्या अंधारात उंच झाडावर बसलेला मलबारी कवड्या धनेश टिपायचा असेल तर टीजी-७ घेऊन जाण्यात अर्थ नाही, कारण त्याची लेन्स २५ ते १०० मिलिमीटर एवढ्याच पल्ल्याची आहे आणि त्यात पक्षी चित्रातला एक ठिपका होऊन राहील. झेड ८ वर १८०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स लावली, तर पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर नेम धरणारा ऑटोफोकस आणि सेकंदाला २० रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) चित्रे घेण्याची क्षमता यांपुढे छोटा कॅमेरा उभाही राहू शकत नाही. आंबोली-तिलारी भागात पावसाळ्यात ओल्या लाकडावर जी प्रकाशमान बुरशी उगवते, तिचा मंद हिरवट उजेड टिपण्यासाठी तिपाईवर ठेवलेला मोठा कॅमेरा आणि दीर्घ एक्स्पोजर लागते. काजव्यांचेही तसेच. या विषयांत लेखकाशी माझा कोणताही मतभेद नाही.

परंतु आपल्याकडच्या पावसाळी जीवसृष्टीचा फार मोठा भाग उंच झाडावर नसतो, पायाशी असतो. बेडूक, त्यांची अंडी आणि भैरे (शेपटीची पाण्यातली पिल्ले), गोगलगायी, खेकडे, कोळी, सड्यावरच्या कीटकभक्षी वनस्पती, आणि किनाऱ्यावर गेलो तर समुद्रफुले, शंखखेकडे, न्युडीब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी). ही सर्व मंडळी काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर आकाराची, आणि त्यांचे चित्र एक हाताच्या आतून घ्यावे लागते. इथे तुलनेचे गणितच बदलते, आणि लेखात नेमका त्याचाच विचार झालेला नाही.

एखाद्या बेडकाची जात चित्रावरून ओळखायची असेल तर नुसता डोळा तीक्ष्ण येऊन भागत नाही. बोटांमधला पडदा किती खोल आहे, कानाच्या पडद्याचा आकार काय, कुशीवरची नक्षी कशी, मांडीवर पट्टे आहेत की ठिपके, हे सर्व एकाच चित्रात किंवा दोन-तीन चित्रांत स्पष्ट दिसावे लागते. म्हणजे फोकसची खोली (पुढचे आणि मागचे भाग एकाच वेळी स्पष्ट येण्याचा पल्ला) हवी. मोठ्या सेन्सरला जवळच्या विषयावर ही खोली सहज मिळत नाही, एफ २.८ ला बेडकाचा डोळा स्पष्ट येतो आणि नाकपुडी पुसट होते. म्हणून लेन्सचे छिद्र एफ ११, एफ १६ पर्यंत बारीक करावे लागते. टीजी-७ मध्ये मात्र एफ २ लाच एवढी खोली मिळते जेवढी पूर्ण आकाराच्या सेन्सरवर सुमारे एफ ११ ला मिळेल. याचा अर्थ असा की, चौकट आणि फोकसची खोली दोन्हींत सारखी हवी असेल, तर मोठ्या सेन्सरला तीस पट प्रकाशाचा जो लाभ होता तो छिद्र बारीक करण्यातच खर्ची पडतो. हा प्रकाशशास्त्राचा साधा हिशोब आहे, आणि दोन कॅमेऱ्यांची तुलना करणाऱ्या प्रत्येकाने तो मांडायला हवा, कारण दुकानात कोणी तो मांडत नाही. अर्थात छोट्या कॅमेऱ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: त्याची झूम शेवटपर्यंत ताणली की लेन्स एफ ४.९ वर जाते, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारीक तपशील मऊ पडतात, आणि मोठ्या कॅमेऱ्याच्या १०५ मिलिमीटर मॅक्रो (अगदी जवळून चित्र घेणाऱ्या) लेन्समधून येणारी खवल्या-खवल्याची स्पष्टता त्यात येत नाही. ज्याला भिंतीवर लावण्याजोगे चित्र हवे आहे त्याला हा फरक खुपेल. ज्याला जात ओळखायची आहे त्याचे काम दोन्हींत होते.

आंबोलीच्या सड्यावरचे एक उदाहरण देते. २००९ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला आंबोली टोड, म्हणजे झँथोफ्राइन टायग्रिना, हा पहिल्या जोरदार पावसात जांभ्या कातळावर साचणाऱ्या उथळ डबक्यांत प्रजनन करतो. ही डबकी इतकी उथळ असतात की कित्येकदा त्यांत बोटाचे पेरही पूर्ण बुडत नाही. अंडी आणि पुढे भैरे तेवढ्याशा पाण्यात वाढतात, आणि दोन-चार दिवस पावसाने उघडीप दिली तर डबके आटण्याची भीती असते. अशा डबक्यातील भैऱ्यांचे तोंड, शेपटीचा पडदा, मागच्या पायांचे कोंब यांची नोंद घ्यायची तर मोठा कॅमेरा वरून रोखावा लागतो, आणि मग पाण्याच्या पृष्ठभागावरची चकाकी आडवी येते. पोलरायझर फिल्टर लावला तरी तो तिरप्या कोनातूनच काम करतो, सरळ वरून पाहताना त्याचा उपयोग जवळपास होत नाही. आणि पावसाच्या थेंबांनी उठलेले तरंग तर कोणताही फिल्टर शांत करू शकत नाही. टीजी-७ चा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस करतो. कॅमेऱ्याची कड अलगद पाण्यात टेकवली, लेन्सची काच पृष्ठभागाखाली गेली, की चकाकीही नाही आणि तरंगांची अडचणही नाही. थोडा वेळ हात स्थिर ठेवला की बिथरलेले भैरे पुन्हा कातळावरचे शेवाळ खरवडायला काचेसमोर येतात. सभोवती पाऊस कोसळत असला तरी त्या चित्रात त्याचा मागमूस नसतो. कॅमेऱ्याची सावली पडू नये म्हणून लेन्सभोवती बसणारी प्रकाशाची कडी मिळते, ती बसवली की उजेड चहूकडून सारखा पडतो. कोणत्याही किमतीच्या मिररलेस कॅमेऱ्याने, नेहमीच्या लेन्सने आणि महागड्या पाणबुड्या आवरणासकट, हे चित्र बोटभर पाण्यात घेता येत नाही, कारण ते आवरणच त्या डबक्याहून मोठे असते.

याच्याशी जोडलेला आणखी एक मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅमेरा पाण्यात जाऊ शकत नसेल तर प्राण्याला पाण्याबाहेर काढण्याचा मोह होतो. किनाऱ्यावर हे सर्रास घडताना मी पाहिले आहे: ओहोटीच्या डबक्यातला न्युडीब्रँक चमच्याने उचलून पांढऱ्या ताटलीत ठेवायचा, चित्रे घ्यायची आणि परत सोडायचा. पाण्यात पिसाऱ्यासारखे उलगडलेले त्याचे कल्ले ताटलीत मिटतात आणि अंग आकसते, म्हणजे चित्र चुकीच्या देहबोलीचे येते. शिवाय उन्हात तापलेल्या त्या चमचाभर पाण्यात त्या मऊ जिवाचे काय होत असेल याचा विचार आपण करत नाही. समुद्रफूल तर खडकाला घट्ट चिकटलेले असते, त्याला उचलण्याचा प्रयत्न म्हणजे त्याला फाडणेच. कॅमेरा डबक्यात उतरवता आला की हा सर्व उपद्रव टळतो. मुंबईत २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमातून सामान्य नागरिक गिरगाव, हाजी अली, जुहू येथे ओहोटीला किनाऱ्यावर फिरून समुद्री जीवांच्या नोंदी करू लागले, आणि अशा फेऱ्यांचा पहिला नियमच असतो की प्राण्याला हात लावायचा नाही, त्याची जागा बदलायची नाही. तो नियम पाळायला छोटा जलरोधक कॅमेरा जेवढी मदत करतो तेवढी दुसरे कोणतेही साधन करत नाही, असे माझे मत आहे.

ज्यांनी खडपावर काम केलेले नाही त्यांना वेळेचे बंधन जाणवणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत खाली जाते, आणि सर्वांत खालच्या पट्ट्यातले खडक, जिथे सर्वाधिक विविधता असते, ते फार थोडा वेळ उघडे पडतात. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत तर ते उघडे पडतच नाहीत. तेवढ्या वेळात शेवाळलेल्या, धारदार शिंपल्यांनी भरलेल्या खडकांवरून तोल सावरत जायचे, एका हाताने आधार घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने काम करायचे असते. झेड ८ आणि १०५ मिलिमीटरची ६३० ग्रॅमची मॅक्रो लेन्स मिळून दीड किलोहून अधिक वजन होते, वर फ्लॅश वेगळा. पाय घसरला तर आधी कॅमेरा वाचवायचा की स्वतःला, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे येऊ नये. टीजी-७ साठी कंपनी २.१ मीटर उंचीवरून पडल्यास आणि १०० किलोचा दाब आल्यास टिकेल असे सांगते. मनगटात दोरी अडकवून दोन्ही हातांनी खडक धरता येतो.

आता 'वेदर सील्ड' (पाऊस-धूळ आत शिरू नये म्हणून सांधे बंद केलेला) या शब्दांकडे वळते, कारण यातून लोकांचे खरोखर नुकसान होत आहे. लेखात व्यावसायिक मिररलेस कॅमेरे 'पावसातही बिनधास्त' वापरता येतात असे एक वाक्य आहे. विद्युत उपकरणांत धूळ आणि पाणी शिरण्यापासून कितपत संरक्षण आहे हे सांगणारी आयपी नावाची आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धती आहे. त्यातील पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. दुसरा अंक ३ असेल तर वरून तिरप्या फवाऱ्यापर्यंत संरक्षण. ४ असेल तर सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. आणि ८ म्हणजे त्याहून कठीण, उत्पादकाने स्वतः जाहीर केलेल्या अटींवरचे बुडणे. टीजी-७ ला पाण्यासाठी ८ आणि धुळीसाठी ६ हा अंक आहे, आणि १५ मीटर ही खोली जाहीर केलेली आहे. झेड ८ ला असा कोणताही अंक नाही. धूळ आणि थेंबांपासून संरक्षण आहे असे कंपनी म्हणते, आणि सर्व परिस्थितींत त्याची हमी नाही असे खाली तळटीपेत स्पष्ट करते. मोठ्या कॅमेऱ्यांत आयपी अंक जाहीर करणाऱ्यांपैकी एक ओएम सिस्टिमचाच ओएम-१ आहे, आणि त्याचा अंकही ५३ आहे, म्हणजे पाण्याच्या बाबतीत ३, आणि तोही त्याच दर्जाची लेन्स लावलेली असताना. माझ्या एका विद्यार्थ्याला शहरातल्या एका दुकानात 'हा कॅमेरा वॉटरप्रूफच आहे' असे सांगून मिररलेस विकला गेला. आंबोलीजवळच्या चौकुळच्या वाटेवर दोन तास आडव्या पावसात भिजल्यावर लेन्सच्या जोडापाशी पाणी शिरले, आणि पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही असे उत्तर मिळाले. कोकणातला पाऊस हा वरून पडणारा फवारा नसतो. तो वाऱ्याबरोबर आडवा येतो, खालून उडतो आणि तासन् तास थांबत नाही. कोणत्याही कॅमेऱ्याविषयी 'पावसात चालतो' असे लिहिताना हा फरक सांगायलाच हवा.

पाऊस नसला तरी दमट हवा असतेच. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्यामुळे लेन्स काढली की सेन्सर जवळजवळ उघडाच पडतो. झेड ८ मध्ये कॅमेरा बंद केल्यावर सेन्सरपुढे पडदा येण्याची सोय आहे, तरी धुक्यात लेन्स बदलणे म्हणजे ती सारी ओल आत घेणे होय. लेन्समध्ये एकदा बुरशी धरली की ती काचेवरचे लेपन खाते, आणि साफ केल्यावरही डाग राहतात. कोकणात ज्यांच्याकडे चांगल्या लेन्स आहेत त्यांनी त्या चामड्याच्या पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसह, किंवा शक्य असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणाऱ्या कपाटात ठेवाव्यात. महाविद्यालयांत पाहावे तर लाखांची लेन्स लोखंडी कपाटात, ओल आलेल्या भिंतीला टेकून, वर्षभर कुलपात पडलेली असते. ती बाहेर नेण्याची कोणाची हिंमत होत नाही, कारण काही झाले तर भरपाई कोणी करायची?

छोटा कॅमेराही निष्काळजीपणे वापरण्याची वस्तू नाही, हेही तितक्याच ठासून सांगते. त्याचे सगळे जलरोधकपण दोन झाकणांच्या रबरी कडेवर अवलंबून आहे. त्या कडेवर एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत जाते, म्हणून बॅटरी-कार्डाचे झाकण किनाऱ्यावर उघडूच नये; कोरड्या खोलीत, कोरड्या हातांनी उघडावे आणि दोन्ही कुलपे बसली आहेत याची खात्री करावी. खाऱ्या पाण्यातून आल्यावर झाकणे बंद ठेवून कॅमेरा गोड्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावा, नाहीतर बटणांच्या फटींत मीठ साचून ती घट्ट होतात. रबरी कडा दरवर्षी सेवाकेंद्रातून बदलून घ्याव्यात अशी कंपनीची शिफारस असते, आणि एकदा जोरात आपटलेला कॅमेरा पुढे पाण्यात टिकेलच असे धरून चालू नये. उन्हात तापलेला कॅमेरा एकदम थंड पाण्यात बुडवू नये. आपल्याकडच्या वाचकांसाठी एक विशेष सूचना: उन्हवरे, तुरळ, राजवाडी यांसारख्या गरम पाण्याच्या कुंडांत हे कॅमेरे अजिबात नेऊ नयेत, कारण उष्ण पाण्यात सील काम करतील असा दावाच नाही. पाण्याखाली भिंगाच्या सपाट काचेमुळे दृश्य सुमारे एक तृतीयांशाने मोठे दिसते आणि चौकट त्या प्रमाणात अरुंद होते. पहिल्या काही मीटरमध्येच तांबडा रंग नाहीसा होऊ लागतो, त्यामुळे मालवण-तारकर्लीला पाण्याखाली जाणाऱ्यांनी पाण्याखालचा मोड निवडावा किंवा रॉ चित्रे घ्यावीत. १५ मीटरच्या खाली जायचे असेल तर यालाही वेगळे आवरण लागते.

चित्रातील मेगापिक्सेलचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण खरेदीच्या निविदांत तोच पहिल्या ओळीत असतो. १२ मेगापिक्सेलचे चित्र ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचे असते आणि इंचाला ३०० ठिपके धरून छापले तर ते १३ इंच रुंद आणि १० इंच उंच येते. शोधनिबंधातले चित्र याच्या निम्म्याहून लहान असते. आपल्या पुरवणीतले बहुतेक छायाचित्रही याहून लहान असते. नोंदीचे मूल्य ठरते ते तारीख, ठिकाण आणि ओळख पटवणाऱ्या अवयवांच्या स्पष्टतेवर; आयनॅचरलिस्टसारख्या खुल्या नोंदवहीत तारीख आणि ठिकाण नसलेले कितीही देखणे चित्र संशोधनाच्या दर्जाचे मानले जात नाही. टीजी-७ मध्ये जीपीएस, दाबमापक आणि तापमापक आतच आहेत, म्हणजे ठिकाण, उंची किंवा खोली, आणि तापमान चित्राबरोबरच नोंदले जाते. झेड ८ मध्ये जीपीएस अंगभूत नाही, ते मोबाइलला जोडून घ्यावे लागते, आणि घाटात, पावसात, हातमोजे आणि छत्री सांभाळत ती जोडणी टिकवणे किती कटकटीचे आहे हे करणाऱ्यालाच कळते.

मोबाइल असताना वेगळा कॅमेरा कशाला, असेही अनेक जण विचारतात. अलीकडचे महागडे फोन गोड्या पाण्यात काही मीटरपर्यंत अर्धा तास टिकतात असे सांगितले जाते, पण पाण्याखाली त्यांचा स्पर्शपडदा चालत नाही, समुद्राचे पाणी त्या चाचणीत धरलेले नसते, आणि आत पाणी गेल्यास नुकसान मालकाचेच. ज्या फोनवर घरच्यांशी संपर्क अवलंबून आहे तो विद्यार्थ्याने डबक्यात बुडवावा असे मी तरी सांगणार नाही.

जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयांत आणि माध्यमिक शाळांत निसर्गमंडळे आहेत, त्यांच्या प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, उपकरणांसाठी मिळालेल्या अनुदानातून एक व्यावसायिक बॉडी घेऊन ती कपाटात ठेवण्यापेक्षा त्याच रकमेत पाच-सहा जलरोधक कॉम्पॅक्ट कॅमेरे घ्यावेत, ते मुलांच्या हाती द्यावेत, आणि रबरी कडा बदलण्याची तरतूद दरवर्षीच्या खर्चात धरावी. पक्षी, रात्र आणि प्रकाशमान बुरशी यांचे काम करणारा अभ्यासक विभागात असेल तर मोठा कॅमेरा जरूर घ्यावा, पण मग त्याच्याबरोबर लांब पल्ल्याची लेन्स, कोरडे कपाट आणि विमा यांचे पैसेही त्याच प्रस्तावात मागावेत. हे न मागता केलेली खरेदी पहिल्याच पावसाळ्यात वाया जाते.

आपल्याला विनंती अशी की, पुढील वेळी कॅमेऱ्यांची तुलना छापताना मेगापिक्सेल आणि किंमत यांच्या शेजारी चार गोष्टी अवश्य द्याव्यात: पाण्यासाठीचा आयपी अंक, आणि तो नसेल तर 'नाही' असे स्पष्ट, लेन्ससह एकूण वजन, किती जवळून फोकस होतो ते अंतर, आणि पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत बसतो की नाही. मे महिन्यात, म्हणजे खरेदीचे निर्णय होतात तेव्हा, हा तक्ता आला तर मृगाच्या पावसाआधी मुलांच्या हाती योग्य साधन पडेल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापिका, सावंतवाडी